कावा

‘कावा’ हा शब्द कानी पडला की मराठी मन त्याच्यापुढे आपोआप ‘गनिमी’ हे विशेषण ठेवते आणि डोळ्यांसमोर सह्याद्रीच्या खिंडी, अंधारातली चाहूल, बेसावध छावणी उभी राहते. विशेषण काढून घेतले तर उरतो तो कपटाचा अर्थ, कावेबाज माणसाचा, कोणाच्या तरी काव्यात सापडण्याचा, ज्यापासून आपण आपल्या मुलाबाळांना जपत आलो. या दोन्ही अर्थांच्या मागे आणखी एक अर्थ आहे, किंबहुना तोच पहिला आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी त्याच्या दाराशी बसून आहे. जुने कोश उघडले की दिसते, कावा हा मुळात घोड्याचा शब्द. घोड्याला मंडल धरून फिरवणे, गोल गतीत चालवणे, याला म्हणत कावा देणे. फारसीतून तो आपल्या पागांत आला, मोतद्दारांच्या आणि चाबुकस्वारांच्या तोंडी रुळला, आणि पागा ओस पडल्या तसा तो आपल्या मूळ धन्याला पारखा झाला. (सामान्यरूप होताना हा शब्द ‘काव्या’शी एकरूप होतो, हे मला नेहमीच शुभसूचक वाटत आले आहे.)

पण सहप्रवाशांनो, शब्दाचे मूळ सापडले एवढ्यावर समाधान मानून उठावे अशी ही बैठक नाही. घोड्यावर बसण्याआधी माणूस त्याच्याशेजारी मातीवर उभा राहून त्याला काय शिकवत होता, आणि ते शिकवताना गोल फिरवण्याचाच मार्ग त्याने का धरला, हे उलगडले नाही तर कावा हा केवळ कोशातला एक मृत अर्थ राहील. आणि मला तर तो दर पहाटे जिवंत दिसतो.

मोशीहून नाशिक रस्त्याने इंद्रायणी ओलांडली की चिंबळी आणि कुरुळीच्या अंगाला अजून काही पडीक तुकडे शिल्लक आहेत. एका बाजूला कारखान्याची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी शेवटचा उरलेला ज्वारीचा पट्टा, आणि मधल्या मातीत पहाटे, रात्रपाळी सुटलेल्या बसगाड्या रस्त्यावरून परतत असताना, एक वयस्क गृहस्थ आपली घोडी घेऊन येतात. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. घोडीच्या तोंडात लगाम नसतो, पाठीवर खोगीर नसते. मोरकी तेवढी असते आणि मोरकीला बांधलेला पंचवीस-तीस फुटांचा सुती दोर. आबा मध्ये उभे राहतात आणि घोडी त्यांच्याभोवती फिरू लागते, आधी पावलाने, मग दुडकीने, मग पुन्हा पावलाने. मग तोंडातून एक खालच्या पट्टीतला ‘हो’ निघतो आणि ती जागच्या जागी थांबते. मग दोर या हातातून त्या हातात जातो आणि तीच वाटचाल उलट्या दिशेने सुरू होते. आबा याला कावा म्हणत नाहीत. ‘घोडी दोरीवर धरतो,’ एवढेच ते सांगतात. शब्द विसरला गेला तरी कर्म विसरले गेले नाही, आणि परंपरा अशीच टिकते, हे त्या मातीवरच्या गोल पाऊलखुणांकडे पाहताना माझ्या मनात येते.

ही घोडी घाटात पळणारी आहे. पुणे जिल्ह्याच्या या उत्तर भागात, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांत, बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात; तिथल्या बारीला चार बैलांच्या पुढे एक घोडी असते, पाठीवर एखादा हलक्या अंगाचा पोरगा असतो, आणि तिच्या पाठोपाठ जुकाटाचे बैल झेपावतात. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. शर्यतीच्या बऱ्यावाइटाचा विचार हा आजचा विषय नाही. मला एवढेच सांगायचे आहे की मधल्या सात-साडेसात वर्षांत, घाट सुने असताना, घोडी पाळण्याचे कोणतेही व्यावहारिक कारण उरलेले नसताना, आबा रोज पहाटे दोर घेऊन याच मातीत येत होते. कोणी विचारले, ‘आता कशाला फिरवता?’ तर म्हणत, ‘ती मला विसरू नये म्हणून.’ त्या उत्तरातून मला कावा या शब्दाचे पहिले साल सुटलेले दिसले. ज्या वाटेला मुक्काम नाही, जी जिथून निघते तिथेच परत येते, अशा वाटेवरून दोघांनी रोज जाणे, हे कुठेतरी पोहोचण्यासाठी नसते. सरळ रस्त्यावर घोड्याचे लक्ष पुढच्या वळणाकडे, झुडपाकडे, घराकडे असते. वर्तुळात पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही, आणि मग त्याचे लक्ष हळूहळू आत, मध्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे येऊ लागते.

रस्त्यावरून जाणारा माणूस मात्र एकच समजूत करून घेतो, की घोडीला दमवत आहेत. तिची रग जिरली की ती मुकाट होईल. ही समजूत नवशिक्या घोडेवाल्यांतही फार आहे, आणि ती घोड्याच्या पायांवर उठते, कारण लहान वर्तुळात दीर्घकाळ पळवलेल्या घोड्याचे सांधे आतल्या बाजूने झिजतात आणि कोवळ्या जनावराचे तर कायमचे बिघडतात. पण शरीराचे नुकसान बाजूला ठेवले तरी विचारात घोटाळा आहेच, आणि तो आपल्या भाषेनेच नीट पकडून ठेवला आहे. ‘दम’ हा संस्कृतात आवरण्याचा, शिकवण्याचा शब्द. नांगराला लावण्याजोग्या खोंडाला ‘दम्य’ म्हणतात, शिकून तयार झालेल्याला ‘दान्त’ म्हणतात, आणि शम-दमांनी सुरू होणारी साधकाची संपत्ती आपण प्रवचनांतून ऐकत आलो. मराठीत मात्र दमणे म्हणजे थकणे. एकाच धातूचे हे दोन किनारे समोरासमोर आहेत, आणि कावा देणाऱ्याने कोणत्या किनाऱ्याला लागायचे हे आधी ठरवायचे असते. दमलेला घोडा थांबतो, कारण त्याच्यात बळ उरलेले नसते. उद्या चारा खाऊन ते परत आले की तो पुन्हा पहिल्यासारखाच असतो. दान्त घोडा थांबतो, कारण त्याने थांबण्याचा शब्द ऐकला. आबांची घोडी पाव तासानंतर दोर सुटतो तेव्हा नुकती कुठे अंगात ऊब आलेली असते. नाकपुड्या शांत, मान खाली, जीभ ओठांवरून फिरते आहे, आणि आतल्या बाजूचा कान आबांकडे. हा कान मिळाला की त्या दिवसाचे काम झाले, असे ते मानतात.

घोड्याचा कान अर्ध्या वर्तुळात फिरू शकतो, आणि जिकडे कान तिकडे मन, ही त्याची सरळ रीत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, फक्त कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा एवढासा भाग सोडून. ज्याला सगळीकडचे दिसते त्याला सगळीकडचे भयही दिसते, म्हणून तो बुजतो. पळून जाणे हीच ज्याची लाखो वर्षांची रक्षणविद्या, अशा प्राण्याला ‘तू माझ्यापासून इतक्या अंतरावर राहा, जवळही येऊ नकोस, पळूनही जाऊ नकोस, आणि माझ्याकडे लक्ष ठेवून चालत राहा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या स्वभावाच्या मुळाशी बोलणे आहे. कावा हे अंतराचे शास्त्र आहे. दोराची लांबी ठरलेली असते. तेवढ्या लांबीत प्रेमही बसवायचे आणि धाकही.

आता त्या दोराकडे जरा थांबून पाहू, कारण माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म तिथे आहे. बघणाऱ्याला वाटते की दोर ताणल्याने घोडी शिकते. ताणाने तिला प्रश्न मात्र विचारला जातो. उत्तर बरोबर आले हे तिला कळते ते दोर सैल झाल्यावर, आणि ज्या निमिषाला सैल होतो त्या निमिषाला ती जे करत असेल तेच उत्तर म्हणून तिच्या अंगात मुरते. तिने मान आत वळवली आणि त्याच क्षणी हात सैल झाला, तर मान वळवणे ती शिकली. हात सैल व्हायला दोन श्वासांचा उशीर झाला आणि तेवढ्यात तिने मान झटकली, तर झटकणे शिकली, आणि तो दोष मग आपण तिच्या स्वभावाच्या खाती लिहितो. बोलीभाषेत ढील दिली म्हणजे शिस्त गेली, असा अर्थ आपण धरून बसलो आहोत. काव्यात सगळी शिस्त ढिलीच्या वेळेत साठवलेली असते. आवळणे कोणालाही जमते. योग्य क्षणी सोडायला मात्र समोरच्याकडे अखंड पाहावे लागते, पापणी लवून चालत नाही, मनात दुसरा विचार आणून चालत नाही. पतंग उडवणारी पोरे हे जाणतात, जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना ते ठाऊक होते, आणि नामस्मरणात ज्यांचे आयुष्य गेले ते म्हणतात की मनाला आवरतानाही हाच न्याय लागतो: ते जरा वळले की लगेच सैल सोडावे, वळले याचा त्याला आनंद होऊ द्यावा.

मग प्रश्न येतो की गोल फिरणारा प्रत्येक प्राणी काव्यावर आहे का. घाण्याचा बैल गोल फिरतो, डोळ्यांवर झापड असते, आणि संध्याकाळी सोडला तर त्याला फक्त पायांतला शीण ठाऊक असतो. घोडाही असा फिरलेला आहे. आपल्या या पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात, जिथे घराघरातला कोणी ना कोणी इंजिनाशी, गाडीशी, गिअरच्या पेटीशी जोडलेला आहे, तिथे अश्वशक्ती हा शब्द कारखान्याच्या दाराआड रोज उच्चारला जातो. तो शब्दही एका वर्तुळातूनच आला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटला आपल्या वाफेच्या यंत्राचे बळ गिऱ्हाइकांना समजेल अशा मापात सांगायचे होते, म्हणून त्याने गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला: बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेरे घालतो आणि सुमारे १८० पौंडांच्या बळाने ओढतो, असे धरून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे एका अश्वशक्तीचे माप ठरले. बारा फुटांची त्रिज्या म्हणजे आबांच्या वर्तुळाच्या निम्मीही नाही. ज्या एककाने आपण आपल्या यंत्रांची थोरवी सांगतो, त्याच्या पोटात एक घोडा अजून फिरतो आहे, आणि त्याच्या वर्तुळाच्या मध्यभागी लाकडाचा खांब आहे.

इथे मला कावा आणि घाणा यांतला भेद दिसला, आणि दिसल्यापासून तो माझी पाठ सोडत नाही. दोन्हीकडे माती तीच, खूर तेच, फेरेही तसेच मोजता येण्याजोगे. घाण्याच्या मध्यात खांब असतो. तो घोड्याकडे पाहत नाही, घोड्याने त्याच्याकडे पाहिले काय आणि न पाहिले काय, तेल तेवढेच निघते. काव्याच्या मध्यात जिवंत माणूस असतो, आणि घोडा फिरत असताना त्याला स्वतःला घोड्याबरोबर वळत राहावे लागते, नाहीतर दोर त्याच्याच अंगाभोवती गुंडाळला जाईल. खांबाला काही शिकायचे नसते. म्हणून घाण्यातून बळ निघते आणि काव्यातून लक्ष जन्माला येते, दोघांचेही.

दोघांचेही, असे मी म्हणतो ते स्वतःच्या अनुभवावरून. एका पहाटे आबांनी दोर माझ्या हाती दिला. मी आयुष्यभर वर्गात मुलांसमोर उभा राहिलेला माणूस, तसाच घोडीच्या तोंडासमोर उभा राहिलो आणि ‘चल’ म्हणालो. ती थांबली. मी आवाज चढवला, ती मागे सरली. मी दोर ओढला, तर ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि माझ्या मनात लगेच तो शब्द आला जो शिक्षकाच्या मनात फार लवकर येतो: हट्टी आहे. आबा शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, तुम्हीच तिच्या वाटेत उभे आहात की.’ मग त्यांनी मला दोन पावले मागे घेतले आणि जिथे तंग आवळतात त्या जागेच्या सरळ रेषेत उभे केले. घोडी चालू लागली. नंतर त्यांनी दाखवले की एक पाऊल पुठ्ठ्याच्या दिशेने टाकले की ती पुढे जाते, एक पाऊल खांद्याच्या पुढे टाकले की थांबते. मी न बोलता, न ओढता, केवळ माझ्या उभे राहण्याने तिला सारा वेळ काहीतरी सांगत होतो, आणि काय सांगतो आहे हे मला एकट्यालाच ठाऊक नव्हते. तीस वर्षांत किती मुलांच्या वाटेत मी असा उभा राहिलो असेन, याचा हिशेब मी अजून करतो आहे. काव्यात घोडा फिरतो हे खरे, पण आधी वळवला जातो तो मध्यात उभा असलेला.

या विद्येचे वय पाहिले की मन नम्र होते. आजच्या तुर्कस्तानात, हित्ती लोकांच्या जुन्या राजधानीच्या अवशेषांत, मातीच्या पाट्यांवर कोरलेला एक ग्रंथ सापडला; मितानी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा. भाषा हित्तींची, पण घोड्याने किती फेरे घालायचे हे सांगताना तो जे शब्द वापरतो ते आपल्या कानांना घरचे वाटतात: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक वर्तन, तीन वर्तने, पाच, सात. वर्तन म्हणजे फेरा, आवर्तन, वळसा. आणि आज आपण मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या शब्दासमोर ‘चांगले’ असे लिहितो तेव्हा तो शब्द घोड्याच्या मंडलाचा जुना सोयरा आहे हे आपल्या गावीही नसते. पुन्हा पुन्हा वळून त्याच जागी येत राहणे हेच अखेर माणसाची वागणूक होऊन बसते, असे या शब्दाला म्हणायचे असावे. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याच्या गती सांगताना मंडलाकार गती, वल्गन, आधी घेतली आणि संकेतासरशी चालण्याची गती शेवटी. शिकवण्याचा क्रमही तोच आहे. त्याच वल्ग् धातूपासून आपली वल्गना आली, आणि ती आता पोकळ बढाईचा अर्थ वाहते. वल्गना खाली उतरली तसा कावाही खाली उतरला. घोड्याच्या पायांत जे शब्द सुंदर होते ते माणसाच्या तोंडी येताना मलिन झाले, याचा विचार करावासा वाटतो. चाबुकस्वाराचेही तेच. आपण समजतो, चाबूक हाती घेतलेला तो चाबुकस्वार. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे आधी चपळ, तरबेज. तेव्हा चाबुकस्वार हा कुशल स्वार, आणि आबांच्या हातातली काठी घोडीच्या अंगाला कधी लागलेली मी पाहिली नाही. ती त्यांच्या हाताची वाढवलेली लांबी आहे, एवढेच.

दोन्ही हातांचे सांगायचे राहिले. घोड्याला डावीकडून जे निर्धास्तपणे पाहता आले तेच उजवीकडून दिसले की तो पुन्हा बुजतो, असा या माणसांचा पिढ्यांचा अनुभव आहे, म्हणून डाव्या हातावर जेवढे फेरे तेवढेच उजव्यावर. कुंपणाला अडकून फडफडणारी ताडपत्री, कारखान्याचा भोंगा, वरातीच्या ढोलाची चाचणी, कंटेनरच्या ब्रेकचा सुस्कारा, हे सगळे या पट्ट्यातले भय आबा एकेक करून वर्तुळात आणतात, आधी दुरून, मग जवळून, आणि ते डावीकडचे झाले की उजवीकडचे नव्याने सुरू करतात. एका अंगाने ऐकलेले दुसऱ्या अंगाला पुन्हा सांगावे लागते. साधकालाही तो अनुभव नवा नाही.

आता त्या ‘गनिमी’ विशेषणाकडे परत येतो, कारण ते टाकून देण्यासारखे मुळीच नाही. मोगल आपल्याला गनीम म्हणत; त्यांच्या लेखी तो शत्रूचा शब्द, आपल्या लेखी मानाचा झाला. याच चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्याला जवळजवळ दोन महिने समोरासमोर झुंज दिली आणि अखेर तो पडला. तीनच वर्षांनी, १६६३ च्या एप्रिलात, त्याच खानाला पुण्याच्या लाल महालात रात्रीच्या अंधारात बोटे गमवावी लागली. पहिला प्रसंग शौर्याचा आहे, दुसरा काव्याचा. पण काव्याचा म्हणजे कपटाचा, असे मी म्हणणार नाही. शत्रू मध्यात आहे, आपण त्याच्याभोवती वेगाने फिरतो आहोत, अंतर आपण ठरवतो, जवळ यायचे केव्हा आणि निसटायचे केव्हा हे आपल्या हाती आहे, आणि त्याचे लक्ष मात्र सतत आपल्यामागे फिरते आहे: भीमथडीच्या काटक तट्टांवर बसून आपल्या पूर्वजांनी जे युद्ध केले ते पागेत रोज पहाटे दिलेल्या काव्याचेच मोठे रूप होते, असे मला मनापासून वाटते. भीमेच्या खोऱ्यातली ती भीमथडी घोडी अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, ही या भागाच्या भाग्याची गोष्ट. शब्दाला कपटाचा वास लागला तो नंतर, घोडे गेले आणि नुसते वळसे उरले तेव्हा.

आणि शेवटचे साल, जे सोलताना हात जोडावेसे वाटतात. देहूहून तुकोबारायांची पालखी, जिची वाट १६८५ मध्ये त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी घालून दिली, देहू सोडल्यावरच्या पहिल्या रात्री आपल्याच आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात विसावते आणि दुसऱ्या दिवशी पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला जाते; आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून येते. माउलींच्या सोहळ्यातले दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, जवळजवळ ३०० किलोमीटर पायी चालत आळंदीला येतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण ती जागा माउलींची आहे. पुढे रिंगण लागते, मध्ये पालखी, भोवती टाळ-मृदंगांचा गजर, लाखांची गर्दी, आणि त्या गर्दीतून मोकळ्या ठेवलेल्या गोल वाटेने तो अश्व धावतो. घोड्यासारखा बुजरा प्राणी, ज्याला एक फडफडती पिशवी पुरते, तो त्या घोषात, हजारो पताकांच्या मधून, पाठीवर स्वार नसताना गोल वाट सोडत नाही. हा कावाच आहे, फक्त त्यातला दोर गळून पडला आहे, आणि मध्यात आबा नाहीत, पादुका आहेत. धावून गेलेल्या खुरांखालची माती वारकरी कपाळाला लावतात ती उगीच नाही. ज्या वर्तुळाचा मध्य असा असेल त्याच्या परिघावरची धूळही मध्याचीच होते.

म्हणून या पट्ट्यात ज्यांच्या दारी घोडी आहे, वरातीसाठी असो, घाटासाठी असो की हौसेसाठी, त्यांना हात जोडून एक मागणे आहे. काटेरी लगाम तिच्या तोंडात घालू नका. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६५ च्या नियमांनी तो निषिद्ध ठरवला आहे आणि तरीही वरातीच्या दिव्यांखाली तो मला दिसतो. शिंगराच्या पाठीवर लवकर ओझे टाकू नका. त्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच वर्षांच्या आसपासचा काळ जातो, पण मोरकी ओळखणे, शेजारी चालणे, उभे राहणे, मागे सरणे, हे सारे तोवर मातीवर उभे राहून शिकवता येते. पुढे हाडे मजबूत झाली की मोठे वर्तुळ घ्या, दोन्ही हातांनी फिरवा, आणि रोज पाव तास द्या. आबा त्याहून अधिक घेत नाहीत. पाव तास झाला की ते मोरकीचा दोर सोडतात, गुंडाळून खांद्यावर टाकतात आणि घराकडे वळतात. घोडी पाच-सहा पावले अंतर ठेवून त्यांच्या मागोमाग हौदापर्यंत येते.